अठरा पूर्ण झाले, आता कुठे जायचं? फिजिओथेरपी आणि एका वयोमर्यादेचा इतिहास

फिजिओथेरपी विभागातल्या केसपेपरवर नावाच्या शेजारी वयाचा एक छोटा रकाना असतो. भरायला दोन सेकंद लागत नाहीत. पण पेशंट बालरोग विभागाचा की मोठ्यांच्या ओपीडीचा, कुठल्या योजनेत बसतो, शाळेत त्याला थेरपिस्ट भेटणार की नाही, हे सगळं त्या दोन आकड्यांवर ठरतं. गुडघ्यामागचा आखडलेला स्नायू मात्र वय विचारत नाही. अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तो जितका आखडलेला होता, तितकाच दुसऱ्या दिवशीही असतो.

आजचा लेख या रकान्याच्या इतिहासाबद्दल आहे. सेरेब्रल पाल्सी, हिमोफिलिया, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, लहानपणचा संधिवात असे आयुष्यभर सोबत राहणारे आजार घेऊन वाढलेली मुलं मोठी होतात, तेव्हा फिजिओथेरपी त्यांच्यासाठी काय करते? आणि करत नसेल, तर का नाही? मी हा प्रश्न ठाण्यातल्या बाळकुमपुरता धरून बघते आहे. ज्यांना पुढे आरोग्यावर, अपंगत्वावर किंवा शिक्षणावर संशोधन करायचं आहे, त्यांच्यासाठी या लेखात आणखी एक गोष्ट आहे: वयोमर्यादेसारखा नीरस तपशील इतिहासाचं साधन म्हणून कसा वाचायचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. अठराव्या वर्षी उपचाराचा धागा तुटतो तो कुणा एका डॉक्टरच्या किंवा थेरपिस्टच्या निष्काळजीपणामुळे नाही. आपल्याकडची पुनर्वसनाची व्यवस्था दोन प्रकारच्या पेशंटांना डोळ्यासमोर ठेवून उभी राहिली: पोलिओ झालेलं लहान मूल आणि जखमी झालेला मोठा माणूस. आजार घेऊनच प्रौढ होणारा तरुण या दोघांतही बसत नाही.

आधी शब्द नीट करून घेऊ

इंग्रजीत या विषयाला ‘ट्रान्झिशन’ म्हणतात. मराठीत सरळ ‘संक्रमण’ म्हणावं तर हॉस्पिटलमध्ये त्याचा अर्थ जंतुसंसर्ग असा घेतला जाण्याची भीती. म्हणून मी ‘स्थित्यंतर’ हा शब्द वापरते. याच्या जवळचाच दुसरा शब्द ‘हस्तांतरण’, म्हणजे ट्रान्स्फर. फाइल एका विभागातून दुसऱ्या विभागात गेली की हस्तांतरण झालं. ते एका दिवसात होतं. स्थित्यंतर म्हणजे ज्या मुलाबद्दल आई उत्तरं देत होती, ते मूल स्वतःच्या शरीराबद्दल स्वतः बोलायला, ठरवायला, मदत मागायला आणि नाकारायला शिकतं, तो काही वर्षांचा काळ. या दोन शब्दांत गल्लत केली तर सगळा अभ्यास घसरतो, कारण मग ‘पाठवलं’ आणि ‘पोहोचला’ हे एकच वाटायला लागतं.

ही व्याख्या माझी नाही. अमेरिकेतल्या सोसायटी फॉर अ‍ॅडोलेसंट मेडिसिन या संस्थेने १९९३ साली रॉबर्ट ब्लम आणि सहकाऱ्यांनी लिहिलेलं निवेदन प्रसिद्ध केलं. दीर्घकालीन आजार असलेल्या किशोरांना मुलांच्या सेवेकडून मोठ्यांच्या सेवेकडे हेतूपूर्वक आणि आखणी करून नेणं, असा स्थित्यंतराचा अर्थ त्यात मांडला होता. ‘हेतूपूर्वक’ आणि ‘आखणी करून’ हे दोन शब्द महत्त्वाचे. आपोआप होणारी गोष्ट अशी ती नाही.

जुने कागद शोधताना आणखी एक अडचण येते. फिजिओथेरपीला सरकारी मराठीत ‘भौतिकोपचार’ म्हणतात. आज आपण लिहितो ‘दिव्यांग’, पण दहा-बारा वर्षं मागे गेलात की ‘अपंग’, ‘विकलांग’, आणखी मागे ‘पंगू’. संस्थांच्या इंग्रजी नावांत ‘क्रिपल्ड’, ‘हँडिकॅप्ड’, ‘स्पॅस्टिक’ हे शब्द सर्रास दिसतात. आज ते खटकतात, पण शोधताना तेच टाकावे लागतात. आजचा शब्द घेऊन कालच्या कपाटात शोधलं तर कपाट रिकामंच दिसणार.

पहिला पेशंट: पोलिओ झालेलं मूल

मुंबईतल्या फिजिओथेरपीची गोष्ट पोलिओपासून सुरू होते. फातमा इस्माईल या स्वातंत्र्यचळवळीतल्या कार्यकर्त्या. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुंबईत धड उपचार मिळेनात, तेव्हा त्या तिला मद्रासला डॉ. किणी यांच्याकडे घेऊन गेल्या. तिथे व्यायाम आणि सरावाने मुलीत फरक पडलेला त्यांनी पाहिला आणि परत आल्यावर इतर मुलांसाठी १९४७ साली मुंबईत दवाखाना सुरू केला. सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रन ही संस्था आणि हाजी अलीचं मुलांचं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल त्यातून उभं राहिलं. १९५८ साली फातमा इस्माईल यांना पद्मश्री मिळाली.

त्याच काळात परळच्या केईएम रुग्णालयात दोन गोष्टी घडल्या. १९५० साली कमला निंबकर यांनी तिथे ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. जन्माने अमेरिकन असलेल्या, लग्नानंतर महाराष्ट्राच्या झालेल्या या बाईंचं नाव फलटणच्या लोकांना शाळेमुळे माहीत असतं, थेरपीमुळे कमी. पाठोपाठ १९५२ मध्ये, पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं केंद्र आणि शाळा केईएममध्ये आली. १९५५ साली इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्सची स्थापना झाली. त्याच वर्षी हाजी अलीला, मुलांच्या हॉस्पिटलच्या शेजारी, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था सुरू झाली.

आता या घटनांकडे संशोधकाच्या नजरेने बघा. नव्या व्यवसायाचे पहिले विद्यार्थी कुणावर हात बसवत होते? पोलिओच्या मुलांवर. पोलिओत एकदा ताप येतो, काही स्नायू लुळे पडतात आणि पुढे काही महिने ताकद परत मिळवण्याची धडपड चालते. जितकं परत आलं तितकं आलं. उरलेल्यासाठी कॅलिपर, गरज पडली तर शस्त्रक्रिया. या कहाणीला सुरुवात, मध्य आणि शेवट आहे. शेवट बहुतेक वेळा ‘मूल चालू लागलं’ असा. मग पाठपुरावा कशाला ठेवायचा?

गंमत अशी की ही कहाणी पोलिओलाही पूर्ण लागू पडली नाही. लहानपणी पोलिओ झालेल्या अनेकांना पंधरा-वीस, कधी तीस-चाळीस वर्षांनी नव्याने अशक्तपणा, थकवा आणि वेदना सुरू होतात. त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम असं नाव आहे. म्हणजे ‘फाइल बंद’ केलेल्या पेशंटची फाइल खरं तर बंद झालेलीच नव्हती.

दुसरा पेशंट: सैनिक आणि कामगार

मोठ्यांच्या पुनर्वसनाची मुळं वेगळ्या जमिनीत आहेत. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या हिंदी सैनिकांना काम शिकवण्यासाठी १९१७ साली क्वीन मेरीज टेक्निकल संस्था सुरू झाली. पुण्याजवळ खडकीला ती आजही आहे. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी खडकीतच १९७४ साली पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आलं. इथला पेशंट आधी धडधाकट होता, कमावता होता. उपचाराचा हेतू त्याला परत कामावर किंवा निदान कमाईवर आणणं हा होता.

कामगारांच्या बाबतीतही तेच. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने कारखान्यातल्या अपघाताला आणि आजाराला संरक्षण दिलं. ठाण्यात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वागळे इस्टेट साठच्या दशकात आली आणि तिथे कामगार विमा रुग्णालयही आलं. बाळकुम-कोलशेतच्या पट्ट्यात रासायनिक कारखाने होते. त्यामुळे शेती, मीठ आणि खाडीची मासेमारी बघितलेल्या या गावांतल्या काही घरांत पहिल्यांदाच ‘ईएसआयचं कार्ड’ आलं, असं मानायला जागा आहे.

या कायद्यात एक जागा मला फार महत्त्वाची वाटते. त्यातल्या ‘कुटुंब’ या शब्दाच्या व्याख्येत मुलांसाठी वयाची अट आहे. पण शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे जे अपत्य विमाधारकाच्या कमाईवर पूर्ण अवलंबून आहे, त्याला ते व्यंग असेपर्यंत धरलं आहे. वयाची रेघ इथे पुसली गेली! पण बदल्यात दुसरी अट आली: ‘पूर्ण अवलंबून’. म्हणजे उपचार चालू ठेवायचे तर स्वतःच्या पायावर उभं राहायचं नाही. कॉल सेंटरमध्ये नोकरी लागलेल्या, व्हीलचेअर वापरणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीने काय करायचं? बापाच्या कार्डावरून ती उतरली आणि तिची नोकरी जर विम्याच्या कक्षेत नसेल, तर फिजिओथेरपी तिच्या पगारातून. अशा कोड्यात पडलेल्या तरुणाला कायद्याची भाषा एक तर मूल समजते, नाही तर आश्रित.

अगदी अलीकडचं उदाहरणही याच साच्यातलं आहे. जून २०२० मध्ये बाळकुमच्या ग्लोबल इम्पॅक्ट हबच्या इमारतीत ठाणे महानगरपालिकेने १,०२४ खाटांचं कोविड रुग्णालय उभं केलं. श्वासाचे व्यायाम, पालथं झोपवणं, हळूहळू चालायला लावणं ही छातीची फिजिओथेरपी त्या वर्षात अनेक घरांना पहिल्यांदा कळली. पण तीही ‘बरा होऊन घरी’ या प्रवासातलीच. फिजिओ म्हणजे काही दिवसांचा कोर्स, ही समजूत त्याने पक्कीच झाली असणार.

मधली मुलं आणि त्यांना हात देणारी माणसं

मग या दोन साच्यांच्या मध्ये असलेल्यांचं काय झालं? महाराष्ट्रात त्याची दोन ठळक उत्तरं मिळतात आणि दोन्ही हॉस्पिटलच्या बाहेरची आहेत.

पहिलं कोल्हापूरचं. नसीमा हुरजूक यांचा जन्म १९५० चा. सोळा-सतराव्या वर्षी त्यांच्या कमरेखालचं शरीर लुळं पडलं. म्हणजे नेमकी आपल्या अभ्यासाची उमर. त्यांना सावरलं ते स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या बाबूकाका दिवाण यांनी. कॉलेज, नोकरी, स्वतःची गाडी, प्रवास हे सगळं या अवस्थेतही होऊ शकतं, हे सांगणारा माणूस डोळ्यासमोर होता. पुढे नसीमाताईंनी अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली सहकाऱ्यांबरोबर हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था सुरू केली. वसतिगृह, शाळा, साधनं तयार करणारी कार्यशाळा, सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचा उद्योग असा तिचा पसारा वाढत गेला. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. नसेल तर आवर्जून वाचा, आणि प्रेरणेसाठी नाही, साधन म्हणून वाचा. खाटेवरून खुर्चीत कसं जायचं, मूत्रविसर्जनाचं काय करायचं, जखमा होऊ नयेत म्हणून काय पाळायचं, हे मोठं होण्याचे प्रश्न होते, हे त्यातून दिसतं.

दुसरं उत्तर मुंबईचं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीच्या आई मिठू आलूर यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. पुढच्या वर्षी कुलाब्यात शाळा सुरू झाली. शिक्षण, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि वाचा-उपचार एका छपराखाली, हे त्या शाळेचं सूत्र. मुलाला चार ठिकाणी फरफटवायचं नाही. पण शाळेतली मुलं मोठी झाली, तेव्हा शाळेलाही तोच प्रश्न आला: आता पुढे? संस्थेला मोठ्या मुलांसाठी चेंबूरला रोजगारकेंद्र काढावं लागलं. मुलगी मालिनी छिब सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये शिकली, लंडनला दोनदा पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि २०१० साली तिचं ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र आलं. एका बोटाने टाइप केलेलं.

इथे थांबून एक सावधगिरीची सूचना. या दोघी आपल्याला माहीत आहेत कारण त्यांनी पुस्तकं लिहिली. ज्यांचं फिजिओ पंधराव्या वर्षी थांबलं, ज्यांचा गुडघा हळूहळू वाकलेलाच राहिला, आणि जे चाळीतल्या पहिल्या मजल्यावरून उतरेनासे झाले, त्यांनी मागे कागद ठेवले नाहीत. यशोगाथा हा नमुना नसतो. ‘नसीमाताईंना जमलं, मग सगळ्यांना जमेल’ हे विधान भाषणात चालतं, प्रबंधात नाही. यशोगाथेला विचारायचा प्रश्न वेगळा: यांच्याकडे असं काय होतं, जे इतरांकडे नव्हतं? दोन्ही ठिकाणी उत्तर जवळपास एकच येतं. कुणीतरी एक माणूस किंवा एक जागा अशी होती, जी वयाच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना त्यांच्यासोबत राहिली.

मोजपट्टीसुद्धा बाराला संपत होती

वयाची रेघ फक्त कायद्यात नसते, ती विज्ञानाच्या हत्यारांतही असते. सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल किती हालचाल करू शकतं हे सांगण्यासाठी जगभर जीएमएफसीएस नावाची पाच पातळ्यांची पद्धत वापरतात. पहिल्या पातळीचं मूल न अडखळता चालतं; तिसऱ्या पातळीचं हातात धरायचं साधन घेऊन चालतं; पाचव्या पातळीच्या मुलाला मान सावरणंही कठीण जातं. कॅनडातल्या रॉबर्ट पॅलिसानो, पीटर रोझेनबॉम आणि सहकाऱ्यांनी ती १९९७ साली मांडली. त्या पहिल्या आवृत्तीत वयोगट बाराव्या वर्षापर्यंतच होते. बारा ते अठरा हा गट २००७ च्या सुधारित आवृत्तीत आला. म्हणजे दहा वर्षं या पट्टीच्या दृष्टीने तेराव्या वर्षाचं मूल अस्तित्वातच नव्हतं!

ज्याचं मोजमाप नाही त्याची घसरण दिसत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २००९ साली एक निष्कर्ष आला. पहिल्या दोन पातळ्यांच्या मुलांनी मिळवलेली क्षमता सरासरीने टिकते. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीच्या मुलांची क्षमता मात्र सात-आठ वर्षांच्या आसपास शिखर गाठून किशोरवयात घसरू लागते. उंची आणि वजन वाढतं, स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत, सांधे आखडतात, शाळेच्या वाढत्या तासांमुळे व्यायाम मागे पडतो.

आता हा आलेख आणि आपल्याकडची व्यवस्था शेजारी ठेवा. अनेक रुग्णालयांत बालरोग विभाग बारा वर्षांपर्यंतची मुलं बघतो. घसरण सुरू होते त्या वळणावरच सेवा पातळ होत जाते. मात्र ओंटारिओचे आकडे जसेच्या तसे ठाण्याला लावू नका. तिथली मुलं, तिथले उपचार वेगळे. आपण तिथून प्रश्न घ्यायचा, उत्तर इथे शोधायचं.

रेघांची यादी

कायदे आणि योजना वाचताना मी एक साधी यादी करते: कागद, वर्ष, वय. तुम्हीही करून बघा.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सात प्रकारची अपंगत्वं धरली आणि अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण दिलं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची रेघ सहा ते चौदा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार सातवरून एकवीसवर नेले. त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी आले. पण लक्षणीय अपंगत्व असलेल्यांचा मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा असाच राहिला.

आणि एक रेघ तर आपल्याच जिल्ह्यात ओढली गेली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं उद्घाटन ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झालं. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, तीस प्रकारचे आजार आणि दोष, आणि जिल्हा पातळीवर फिजिओथेरपिस्टसह पथक असलेलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, अशी त्याची रचना. योजना उत्तम आहे. मूल लवकर सापडावं यासाठी तिने शाळा-अंगणवाडीपर्यंत हात पोहोचवला. पण २०१३ साली सहा वर्षांचं असलेलं मूल २०२५ मध्ये अठरा पूर्ण करतं. या कार्यक्रमाने शोधलेली मुलं आता रेघ ओलांडत आहेत. हा विषय आत्ताच का हाती घ्यायचा, याचं माझ्याकडचं सगळ्यात साधं उत्तर हेच.

राष्ट्रीय न्यास कायद्याकडे पुन्हा एकदा बघा. अठराव्या वर्षी काय करायचं याचा विचार आपल्याकडच्या ज्या मोजक्या कागदांनी केला, त्यांतला हा एक. पण त्याने विचार केला तो सही कुणाची चालणार याचा. स्वतः ठरवायला त्या तरुणाला कोण शिकवणार, हा प्रश्न तिथेही सुटाच राहिला.

मग फिजिओथेरपिस्टच का?

इंग्लंडमध्ये नाइस या संस्थेने २०१६ साली स्थित्यंतराबद्दल मार्गदर्शिका काढली. आखणी तेरा-चौदाव्या वर्षापासून सुरू व्हावी आणि प्रत्येक तरुणासाठी एक ठरलेली व्यक्ती असावी, असं ती सांगते. ती व्यक्ती डॉक्टरच असायला हवी असं नाही. आपल्याकडे ही व्यक्ती कोण असू शकते याचा विचार केला तर फिजिओथेरपिस्टचं नाव वर येतं, कारण साधं आहे. तज्ज्ञ डॉक्टर मुलाला तीन-सहा महिन्यांतून एकदा दहा मिनिटं बघतो. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा-दोनदा, पाऊण तास, वर्षानुवर्षं बघतो. आईची पाठ दुखायला लागली आहे, बाबांची शिफ्ट बदलली आहे, मुलगी मैत्रिणींसमोर कॅलिपर घालायला लाजते आहे, हे त्याला आधी कळतं.

काम म्हणून ते कसं दिसेल? समजा, बाळकुमला राहणारा तिसऱ्या पातळीचा सोळा वर्षांचा मुलगा आहे. आतापर्यंतचं ध्येय ‘वॉकरवर पन्नास पावलं’ असं होतं. आता ध्येय असं बदलावं लागेल: बाळकुम नाक्यावरून ठाणे स्टेशनला जायचं आणि कॉलेजला पोहोचल्यावरही अंगात त्राण उरायला हवं. त्यासाठी लांब अंतराला व्हीलचेअर घेणं ही हार नाही, हिशोब आहे, हे मुलाला आणि त्याहून जास्त घरच्यांना पटवावं लागतं. पन्नास किलोच्या मुलाला आई उचलू शकत नाही. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात स्वतः जाण्याचं तंत्र शिकवावं लागतं. सेशनमधली शेवटची पंधरा मिनिटं आईवडिलांना बाहेर बसवून मुलाशी बोलावं लागतं. ‘कुठे दुखतं?’ या प्रश्नाला आईने उत्तर दिलं तर ते कानाआड करून पुन्हा त्यालाच विचारावं लागतं.

हिमोफिलिया असलेल्या मुलाच्या बाबतीत धडा वेगळा. सांध्यात रक्त उतरायला लागल्याची पहिली जाणीव ओळखणं, त्या दिवशी व्यायाम न करणं, फॅक्टर घेतल्यावर परत कधी सुरू करायचं ते ठरवणं, कुठले खेळ चालतील आणि कुठले नाहीत. हे ज्ञान वीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यात हवं, आईच्या वहीत नको.

आणि शेवटी एक पत्र. एकच पान: कुठल्या शस्त्रक्रिया झाल्या, कुठल्या सांध्याची हालचाल किती, कुठली साधनं कुठल्या मापाची, काय करून बघितलं आणि जमलं नाही, आणि त्या तरुणाला स्वतःला काय हवं आहे. मोठ्यांच्या विभागातला थेरपिस्ट गुडघ्याची झीज आणि लकव्याचे पेशंट बघत असतो. बाविशीतली सेरेब्रल पाल्सी त्याच्यासमोर कोऱ्या केसपेपरने आली, तर पहिले सहा महिने दोघांनी काय करायचं?

तुम्ही संशोधनाला लागाल तेव्हा

या विषयातून उचलण्यासारख्या तीन गोष्टी सांगते. तुमचा विषय कुठलाही असो.

एक: कुठल्याही योजनेचा, कायद्याचा, मोजपट्टीचा ‘कुणासाठी’ हा भाग आधी वाचा. वय, उत्पन्न, टक्केवारी, रहिवासी दाखला. रेघ ओढताना कुणीतरी एका विशिष्ट माणसाची कल्पना केलेली असते. ती कल्पना शोधणं हा इतिहास.

दोन: घोषणेची तारीख आणि प्रत्यक्षात पोहोचल्याची तारीख एक समजू नका. उद्घाटन पालघरला २०१३ मध्ये झालं, हे ठाम सांगता येतं. बाळकुमच्या गल्लीत थेरपिस्ट कधी भेटला, हे केसपेपर आणि माणसांकडूनच कळेल.

तीन: जे येणं बंद झाले, त्यांचा शोध घ्या. विभागातल्या हजेरीच्या वहीत एखादं नाव महिनोन्महिने दर मंगळवारी दिसतं आणि मग दिसेनासं होतं. आपल्या नोंदींत त्याला ‘पाठपुरावा सुटला’ म्हणतात. सुटला म्हणजे नेमकं काय झालं? बरा झाला, घर बदललं, कंटाळला, पैसे संपले, की कुणी सांगितलं, ‘आता तू मोठा झालास, इकडे येऊ नकोस’? या पाच उत्तरांचे पाच वेगळे प्रबंध होतील.

परवानगी घेऊन, नावं झाकून, अशी एक जुनी वही बघायला मिळाली तर सुरुवात तिथूनच करा. आधी फक्त दोन रकाने उतरवून घ्या: वय, आणि शेवटच्या भेटीची तारीख.